उकिरड्याचे पांग

गेल्या मंगळवारपासून आमच्या परसातल्या ढिगाला ताप आहे. साधासुधा नाही, अठ्ठावन्न अंश सेल्सिअस. हे दर दोन तासांनी पायात चपला अडकवून त्याच्या समाचाराला जातात, हातभर लांबीचा थर्मामीटर त्याच्या पोटात खुपसतात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात, वहीत टिपतात आणि बारशाहून आल्यासारखे हसत परत येतात. माघात मला एकशे दोन ताप होता. तेव्हा यांनी गोळी आणून दिली, नाही असं नाही; पण वही काढली नव्हती.

“उतरला का गं ताप?” आत्याबाई ओट्यावरून विचारतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय पंच्याऐंशी. ताप कुणाचा, हे आता मी विचारत नाही.

आम्ही घोडेगावचे. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की पस्तीसेक किलोमीटरवर लागतं ते, नेवासा तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तरी कलेक्टर कचेरीच्या कामाला निघालेला माणूस अजून “नगरला जाऊन येतो” असंच सांगतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. गावाची ओळख तीन गोष्टींवरून: कांद्याचं मार्केट, शुक्रवारचा जनावरांचा बाजार आणि शनिशिंगणापूरचा फाटा. कुठून कुठून शनिदेवाला निघालेल्या गाड्या आमच्या गावातून वळतात. साडेसाती आमच्या दारावरून जाते, थांबत नाही, असं हे म्हणतात. ढीग झाल्यापासून मला तशी खात्री वाटत नाही.

सुरुवात मुलाने केली. तो पुण्यात असतो. त्यांच्या सोसायटीत कचऱ्यावरून भांडणं झाली आणि शेवटी ज्याने त्याने आपापल्या ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायचं असं ठरलं. आपण जे भोगतो ते आईबापांनीही भोगावं, या मायेने त्याने आमच्यासाठी एक तीन मजली बादली ऑनलाइन मागवली. ती आधी दुसऱ्या घोडेगावला गेली. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या वाटेवर, आमच्या गावाचा एक नावबंधू आहे. आमची पत्रंही पूर्वी अधूनमधून तिकडचा पाहुणचार घेऊन येत. आठ दिवसांनी बादली घरी पोचली. यांनी माहितीपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. आत्याबाईंनी बादली उजेडाकडे धरली, भोकांतून आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, “लसणाला बरी हाय. हवा खेळंल.”

तेव्हापासून ती स्वयंपाकघरात आहे. आमचा लसूण कधी नव्हे इतका छान टिकतोय.

“आणि खत कशात करायचं?” यांनी विचारलं.

“आरं, उकिरड्यात!”

हा शब्द आमच्या घरात कुणी चांगल्या अर्थाने उच्चारल्याला तीस वर्षं तरी झाली असतील.

मी १९८३ साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा परसदारी उकिरडा होता. आमच्याच नव्हे, आळीतल्या प्रत्येक घरामागे होता. पहाटे गोठ्यातलं शेण, गव्हाणीत उरलेला कडबा, चुलीतली राख, अंगणातला केर, भाजीची देठं असं सगळं पाटीत भरून उकिरड्यावर टाकून यायचं, हे नव्या सुनेचं पहिलं काम. माहेरी माझी पाटी लिहायची होती, सासरी ती वाहायची झाली. उकिरडा ही तेव्हा घराची ठेव असे. सोयरीक जुळवायला आलेली जाणती माणसं पाय मोकळे करायच्या निमित्ताने परसात डोकावत. उकिरडा केवढा, यावरून गोठा केवढा आणि गोठ्यावरून शेत केवढं, हा हिशेब चहा यायच्या आत झालेला असे. वैशाखात उकिरडा उकरून गाड्या भरायच्या आणि मृगाच्या आत ते खत रानात पांगवायचं. रिकाम्या झालेल्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली पाटी.

मग गॅस आला आणि राख संपली. जनावरं विकली आणि शेण संपलं. परसात फरशी बसवावी म्हणून मी दोन वर्षं हट्ट धरला आणि ती बसली. उकिरडा हा शब्द तेवढा राहिला, तोही शिवी म्हणून. मुलाच्या खोलीत पुस्तकं, मोजे आणि कपबशा एकत्र नांदताना दिसल्या की मी ओरडायचे, “काय उकिरडा करून ठेवलाय!” बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. त्या खोलीतून बारा वर्षं काही निघालं नाही, मग एकदम इंजिनिअर निघाला. म्हण काही अगदीच खोटी नाही.

पण उकिरड्याचा खरा घात केला तो प्लॅस्टिकने. जुन्या उकिरड्याला फुटकी बांगडी आणि खापर सोडलं, तर न पचणारं काही माहीतच नव्हतं. त्याच्या पोटात पहिली दुधाची पिशवी गेली आणि जे अजीर्ण झालं त्यातून तो उठलाच नाही. पुढे घंटागाडी आली. आपण टाकलेलं कुठे जातं हे बघायची जबाबदारी एका गाण्यावर सोपवून आम्ही मोकळे झालो.

आत्याबाईंनी उकिरडा म्हटलं आणि यांनी वही घातली. उभी हयात विकास सोसायटीत सेक्रेटरी म्हणून गेलेली. कुठल्याही गोष्टीची आधी वही घातल्याशिवाय ती गोष्ट घडली, असं यांना वाटतच नाही. महिनाभर वाचन झालं. संध्याकाळी ओट्यावर त्याचं पारायण.

त्यातून कळलं ते असं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होता. इंदूर आम्हाला परकं नाही. होळकरांच्या घरातल्या अहिल्याबाई माहेरच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. तर तिथे हॉवर्ड आणि त्याचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, तो ढीग तीनदा पालथा घालून, तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने इंग्रजीत पुस्तक निघालं आणि ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. चिनी शेतकऱ्यांच्या जुन्या रिती वाचून आणि इथल्या शेतकऱ्यांना बघून आपण शिकलो, हे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत असे.

“म्हंजी शेण, राख आन् गोमूत,” आत्याबाईंनी बोटं मोजली. “मग त्यानं नवं काय घातलं?”

“मोजमाप,” हे म्हणाले. यांच्या दृष्टीने ते पुरेसं होतं. आणि खरं सांगायचं तर आहेही. पण मला राहून राहून आमच्या परसातल्या त्या जुन्या गृहस्थाची गंमत वाटली. इंदुरात चार बुकं शिकला, विलायतेला गेला, ‘कंपोस्ट’ असं आडनाव लावून परत आला आणि आता दाराशी उभा आहे. आणि आपल्याच माणसाला न ओळखता आम्ही “बसा साहेब” म्हणून खुर्ची देतोय.

दुसरं नाव यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचं निघालं: ना. दे. पांढरीपांडे. त्यांच्या आद्याक्षरांचं ‘नादेपां’ इंग्रजीतून फिरून आलं ते ‘नाडेप’ होऊन. नाडेपची टाकी विटांची, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, आणि भिंतीत हवेसाठी मुद्दाम ठेवलेली भोकं. आत साधारण दीड टन काडीकचरा, तेवढीच किंवा थोडी जास्त चाळलेली माती, आणि शेण मात्र जेमतेम १०० किलो. भरून झालं की शेणमातीने वरून लिंपून टाकायचं आणि तीन-चार महिने हात लावायचा नाही. दावणीला एखादंच जनावर असलेल्या शेतकऱ्यालाही पुष्कळ खत मिळावं, ही त्यातली मेख.

इथे आमच्या घरात दोन पक्ष पडले. हे इंदूरवाले, कारण त्यात सारखं काहीतरी करायला मिळतं. आत्याबाई नाडेपवाल्या, कारण त्यात सारखं काहीतरी करणाऱ्याला हाकलता येतं. मी अपक्ष. चहा दोघांना द्यायचा होता.

जागा बेतानेच होती. १० बाय ६ ची टाकी घातली असती तर तुळस हलवावी लागली असती, आणि तुळस हलवायचा विषय काढायची यांची छाती नव्हती. म्हणून ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच असं ठरलं. याहून लहान ढीग तापत नाही. ऊब धरून ठेवायला अंगावर थोडं मांस लागतं. न्हाणीघर दुरुस्त करताना उरलेल्या विटा चिंचेखाली रचलेल्या होत्या. त्यात विंचवाचं एक बिऱ्हाड होतं, त्याला रीतसर मुदत देऊन उठवलं. विटा मोजल्या, पावणेदोनशे भरल्या.

तळाला फरशी चालत नाही, उघडी जमीन लागते. जादा पाणी खाली मुरायला आणि गांडुळांना वर यायला. म्हणजे फरशी उखडणं आलं. जिच्यासाठी मी दोन वर्षं हट्ट धरला होता, तीच. पहिली लादी निघाली तेव्हा खाली मुठीएवढी काळी माती दिसली आणि आत्याबाई वाकून म्हणाल्या, “हितंच व्हता की आपला उकिरडा.” तीस वर्षं आम्ही त्याच्यावर पापड वाळवत होतो.

गवंडी बोलवायचा नाही असं ठरलं होतं. यांनी ओळंबा शोधून काढला आणि मातीच्या गाऱ्यात विटा रचायला घेतल्या, दोन विटांमध्ये दोन बोटं फट सोडून. फट सोडायची ही कल्पना फार उपकारक ठरली, कारण पुढे जे जे वाकडं झालं ते ते हवेसाठी आहे असं सांगता आलं. समोरची बाजू जुन्या दिवाणाच्या फळ्यांची, वर सरकवून काढता येतील अशी. तीन दिवसांत बांधकाम पुरं झालं. खर्च वहीत आहे: खिळे आणि चहा.

झाकणाला मात्र हे तयार होईनात. शिंगणापूर पाच-सहा किलोमीटरवर. तिथे देव उघड्या चौथऱ्यावर, घरांना दारांची रीत नाही, २०११ मध्ये बँकेने शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची. “त्याच्या शेजारचे आपण, आणि आपल्या कचऱ्याला झाकण?” असं यांचं म्हणणं. दुसऱ्या सकाळी अंगणभर भेंडीची देठं, भाताची खरवड आणि चहापत्ती. कुत्र्यांना शनीचं भय नसतं. खर्चात दोन बिजागऱ्यांची भर पडली.

आता भरणी. तळाला वीतभर तुरीच्या काड्या, खालून हवा यावी म्हणून. त्यावर वाळला पाला, मग ओला कचरा, मग माती, मग शेणकाला, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाला चिंचेचा आणि लिंबाऱ्याचा घरचाच. शेणाचा प्रश्न यांनी बाजारावर सोडवला. शुक्रवारी बाजार उठला की म्हशी जातात आणि शेण राहतं. शनिवारी पहाटे हे घमेलं आणि फावडं घेऊन मैदानावर. सोसायटीचे जुने थकबाकीदार भेटायचेच. “काय सेक्रेटरीसाहेब, वसुलीला का?” नोकरीत असताना कधी झाली नाही इतकी शंभर टक्के वसुली त्या दिवसांत झाली, हे यांनी स्वतःच सांगितलं.

ढिगाचं शास्त्र हे मला कर्ब आणि नत्राच्या भाषेत समजावत होते: कर्ब पंचवीस-तीस भाग तर नत्र एक भाग. माझ्या डोक्यात काही शिरेना. आत्याबाईंनी सांगितलं ते लगेच शिरलं. वाळला पाला, पाचट, काड्या ही भाकरी. भाजीपाला, देठं, शेण हे कोरड्यास. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही, ढीग महिनोन् महिने तसाच बसून राहतो. नुसतं कोरड्यास दिलं तर पोट बिघडतं आणि वास येतो. घरातल्या बादलीभर ओल्याला दोन-तीन बादल्या वाळलेलं. मापं दोघांची एकच होती, एक वहीतलं, एक परातीतलं.

एवढं कळूनही घात व्हायचा तो झाला. दिवाळी उलटली की आमच्याकडे कांद्याच्या चाळी रिकाम्या होतात. उन्हाळी कांदा जो चैत्रात भरलेला असतो, त्यातला चांगला मार्केटला गेलेला असतो, गोल्टी-चिंगळी त्यामागून जाते आणि तळाला उरतो तो सडका. यांच्या एका स्नेह्याने अशा दोन गोण्या प्रेमाने आणून दिल्या. फुकट आलेला माल सोसायटीच्या माणसाने परत पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दोन्ही गोण्या ढिगात रिचवल्या.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. घोडेगावात कांद्याच्या वासाची तक्रार करणं म्हणजे कोळीवाड्यात मासळीच्या वासाची करण्यासारखं. तरी आळीने केली. शेजारची सूनबाई धावत आली, “काकू, आधी गॅस बंद करा, गळतोय!” तिचं काही चुकलं नव्हतं. गॅस गळलेला कळावा म्हणून त्यात जो वास मिसळतात तो गंधकाच्या संयुगाचा, आणि कांद्याचा उग्रपणाही गंधकाचाच. आमच्या टाकीत दोन गोण्या गंधक हवेविना कोंडून बसला होता.

त्या आठवड्यात मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट उमगली. आपण मराठीत दूध नासलं म्हणतो, कांदा सडला म्हणतो, पाला कुजला म्हणतो आणि खत मुरलं म्हणतो. चार शब्द, आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. शास्त्र सांगतं की हवा खेळते तिथे काम करणारे जिवाणू निराळे आणि हवा कोंडते तिथले निराळे. पहिल्यांच्या कामाला मातीचा वास, दुसऱ्यांच्या कामाला गटाराचा. हे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसायच्या कितीतरी आधी आपल्या बायाबापड्यांनी नाकाने त्यांची वर्गवारी करून ठेवली होती. सडलेला ही शिवी आहे. मुरलेला ही जवळजवळ पदवी. राजकारणातल्या माणसाला दोन्ही लागू होतात, सांगणारा कुठल्या पक्षाचा त्यावर अवलंबून.

इलाज कष्टाचा होता. सगळा ढीग उपसला, उन्हात पसरला. ऊसतोड सुरू झाली होती. मुळा कारखान्याचा हा टापू, पाचटाला तोटा नाही. एक हेक्टर उसातून आठ-दहा टन पाचट निघतं आणि कितीतरी लोक ते काडी लावून मोकळे होतात. यांनी गाडीभर आणलं, कोयत्याने तोडलं आणि सडक्या कांद्यात वाळली माती घालून थरावर थर पुन्हा रचले. दोन दिवसांत वास गेला. चौथ्या दिवशी ढिगाला ताप चढला आणि यांच्या चेहऱ्यावर ते तेज आलं, जे मी आमच्या लग्नाच्या फोटोत शोधून शोधून थकले आहे.

मग खरी कसोटी सुरू झाली, ढिगाची नव्हे, यांची. टाकीजवळ जाऊन काही न करता परत येणं यांना जमेना. रोज फळी काढायची, फावड्याने थोडं उकरायचं, “अजून पान दिसतंय” म्हणून खंत करायची. दर उकरण्याने आतली ऊब उडून जायची आणि ढीग निवायचा. निवला म्हणून हे पुन्हा उकरायचे.

“आरं, लोणचं घातल्यावर रोज बरणीत हात घालतो का?” आत्याबाई एकदा चांगल्याच कडाडल्या. “मुरू दे की त्याला!”

शेवटी तह झाला. इंदूरच्या मानासाठी दर तीन आठवड्यांनी एकदा पालथं घालायचं, नाडेपच्या मानासाठी मधल्या दिवसांत फळीला हात लावायचा नाही. तोवर काय करायचं ते आत्याबाईंनी दाखवलं. एक लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायची. बाहेर काढून हाताला चटका बसला तर काम चालू आहे. ओल बघायची तर मूठभर उचलून दाबायचं. रव्याच्या लाडवासारखं वळलं पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. हे त्यांना कुणी शिकवलं ते त्यांनाही आठवत नाही. मुलाने पुण्याहून थर्मामीटर पाठवला तेव्हा यांनी सळई आणि थर्मामीटर शेजारी शेजारी लावून आठवडाभर ताळा घेतला. सळई एकदाही चुकली नाही. हे जरा हिरमुसले, पण नोंद प्रामाणिकपणे केली.

पौषाच्या अखेरीला ढीग निवला आणि त्यात वस्ती झाली. आधी मुंग्या, मग गोमी, मग वेटोळं करून बसणारा वाणी, ज्याला काही जण पैसा म्हणतात. “निघाला बरं का पैसा!” हे ओरडले आणि मी हातातलं पीठ टाकून धावले. एकदा गुबगुबीत पांढरी अळी निघाली तेव्हा मात्र सगळे गंभीर झालो. उसाच्या मुलखात हुमणीचा नुसता संशय आला तरी माणूस आवाज खाली आणून बोलतो. अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकल्या. कच्चं खत रानात गेलं की त्यातून हुमणी जाते, म्हणून घाई करायची नसते, हे आत्याबाईंना आणखी एकदा ऐकवायला मिळालं. गांडुळं सगळ्यांत शेवटी आली, न बोलावता, खालच्या त्याच जुन्या मातीतून. कांद्याची सालं त्यांना फारशी रुचत नाहीत म्हणतात. घोडेगावची असून असं कसं, ते त्यांचं त्यांना माहीत.

पाडव्याच्या आधी फळ्या काढल्या. भरणी होऊन साडेचार महिने झाले होते. तीन फुटांचा ढीग बसून फूटभर राहिला होता, काळाभोर आणि भुसभुशीत. वाळूच्या चाळणीतून काढला तेव्हा पंधरा घमेली भरली. आत गेलेल्या घमेल्यांचा आकडा वहीत आहे. यांनी तो मला सांगितलेला नाही आणि मी विचारलेला नाही. युरियात नत्र ४६ टक्के असतं आणि असल्या खतात टक्का-दीड टक्का मिळालं तरी बरं, हे मात्र यांनी आपणहून कबूल केलं. पण युरिया पिकाला जेवू घालतो, मातीला नाही. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब म्हणून एक रकाना असतो. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन पाणीही नीट धरून ठेवत नाही. तो रकाना युरियाच्या गोणीने भरत नाही. त्याला हेच लागतं, कुजून, मुरून आलेलं.

आत्याबाईंनी ओंजळभर घेऊन नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. मृगाच्या पहिल्या सरीला जमिनीतून येतो तोच वास. तो यावा यात नवल नाही. पहिल्या पावसाचा तो वास मातीतल्या ज्या सूक्ष्मजीवांमुळे येतो, तेच ढिगातही राबतात. पण त्या क्षणी हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या कुठल्यातरी दुसऱ्याच परसात उभ्या होत्या.

मग म्हणाल्या, “चल, पांगवू.”

जास्वंदीला, कढीपत्त्याला, लिंबाला एकेक घमेलं. तुळशीला त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. पंधरा दिवसांनी लिंबाखाली लाल भोपळ्याचा वेल निघाला आणि आता तो न्हाणीघराच्या पत्र्यावर चढलाय, तीन भोपळे धरून. बी कधी पडलं कुणालाच माहीत नाही. वहीत भोपळ्याची जमा नाही आणि पावतीशिवाय आलेलं हे उत्पन्न कुठल्या खात्याला घालावं, या विवंचनेत हे आठवडाभर होते.

परवा मुलाचा व्हिडिओ कॉल आला. “बादली कशी आहे?”

“उत्तम,” मी म्हटलं. “लसूण एकदम कोरडा राहतो.”

यांनी फोन घेऊन त्याला टाकी दाखवली, वेल दाखवला, थर्मामीटरचा आकडा दाखवला. पलीकडून त्याने म्हण टाकली, “म्हणजे उकिरड्याचे पांग फिटले म्हणायचे!” म्हणीत बारा वर्षं, शनिमहाराजांची साडेसात, आणि आमचे साडेचार महिने, हा हिशेब हे त्याला समजावू लागले. आत्याबाईंनी हात पुढे करून फोन आपल्याकडे घेतला.

“उकिरड्याला रं कसले पांग? त्याच्याकडं समदं व्हतं. पांग तुमचे फिटले.”

सध्याचा ताप दुसऱ्या भरणीचा आहे. या खेपेला एक नवी अडचण आली आहे: घरातला कचरा पुरत नाही. देठं कमी पडतात म्हणून हे मला रोज पालेभाजी आणून देतात आणि निवडताना समोर बसून “एवढं बारीक नको निवडू, जाऊ दे की थोडं” म्हणतात. म्हणून एक विनंती. शिंगणापूरला जाताना घोडेगावात वळाल आणि गाडीत केळीची सालं, वाळला पाला, शिळे हार असं काही असेल, तर वाटेत कुठे भिरकावू नका, आमच्याकडे आणून द्या. चहा मिळेल, वहीत तुमच्या नावावर जमाही होईल. सडका कांदा तेवढा आणू नका.